ट्रॉली घरी उभी, होडी काठावर : राखण कशी करावी



उसाचा हंगाम संपला, शेवटची खेप कारखान्यावर पडली, की आपण ट्रॅक्टर धुऊनपुसून शेडमध्ये लावतो. ट्रॉली मात्र सोडतो रस्त्याच्या कडेला, नाहीतर शेतवस्तीवर बाभळीखाली. पुढचे पाच-सहा महिने तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पेरणीच्या वेळी खत आणायला जावं, तर जागेवर नुसते चाकांचे वळ. ट्रॅक्टरला चावी असते, ट्रॉलीला नसते. चोरीचं मूळ तिथंच आहे.

चोर काय करतो? दिवसा हेरून जातो. रात्री दुसरा ट्रॅक्टर आणतो, दिवे बंद ठेवून मागे घेतो, दांडीच्या कड्यात पिन टाकतो आणि चालू लागतो. पाच मिनिटांचंही काम नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, कोणीतरी आपली ट्रॉली नेतोय. पुढं रंग बदलला, फळके बदलले, की मालकालाही ओळखू येत नाही. पूर्वी बैलगाडी अंगणात असायची आणि जू घरात. त्यामागं विचार होता. गाडी ओढायची ज्याच्यानं, तेच हाताशी ठेवायचं.

म्हणून पहिला बंदोबस्त दांडीच्या कड्याचा. आपल्या ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून एक जाड बोल्ट करून घ्या. वरून त्याला रुंद टोपी असावी, म्हणजे तो कड्यातून खाली निसटणार नाही. खालच्या टोकाला भोक पाडून त्यात कुलूप घालायचं. कुलपाभोवती लोखंडी पाइपाचा एक तुकडा वेल्ड करून घ्या, म्हणजे कुलूप आत लपतं आणि कटरचं तोंड कडीपर्यंत पोचत नाही. कड्यात बोल्ट असेपर्यंत दुसऱ्याची पिन जात नाही. खर्च फार नाही, आणि गावातल्या गावात होतो.

पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. दांडीला साखळी गुंडाळूनही ट्रॉली ओढता येते. तेव्हा दुसरं कुलूप चाकाला पाहिजे. साखळी दहा-बारा मिलिमीटर जाड कडीची घ्या. ती रिमच्या भोकातून आणि धुऱ्यावरून फिरवा. नुसती फळक्याला किंवा साखळदंडाच्या हुकाला बांधली, तर फळका उखडून साखळी मोकळी होते. एक बारीक गोष्ट बघा. कुलूप जमिनीवर लोळू देऊ नका. खाली दगड आणि वरून हातोडा, दोन घावांत कुलूप फुटतं. अधांतरी लटकलेलं कुलूप फोडणं अवघड जातं. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा त्यावर टोपीसारखा घाला.

साखळीचं दुसरं टोक कशाला बांधायचं? अंगणात तीन फूट खड्डा घेऊन जुन्या चॅनलचा तुकडा काँक्रीटमध्ये गाडा. खालच्या टोकाला आडवी सळई वेल्ड केलेली असावी, नाहीतर खुंटा ओढून निघतो. विजेच्या खांबाला मात्र कधीही साखळी लावू नका. पावसाळ्यात खांबात प्रवाह उतरला, तर साखळी आणि ट्रॉली दोन्हींत तो येतो. चोर राहिला बाजूला, घरचंच लेकरू नाहीतर जनावर हातचं जायचं.

ज्यांची ट्रॉली चार-सहा महिने हलणार नाही, त्यांनी एका बाजूचं चाक काढून घरात ठेवावं आणि धुऱ्याखाली ओंडका किंवा घडीव दगड द्यावा. दुसऱ्या बाजूलाही टेकू द्यावा. ओझं टायरवर राहत नाही, टायर एका जागी बसून चिरत नाही. टायरचोरीही होते, तेव्हा टायरवरचे नंबर वहीत उतरवून ठेवा. दोनचाकी ट्रॉलीची दांडी नुसत्या विटेवर टेकवू नका. मागच्या बाजूला पोरं चढली की दांडी वर उसळते. मागंही टेकू द्या, चाकाला दोन्हीकडून दगड लावा.

उभी करताना दांडी भिंतीकडे करा. ट्रॅक्टर लावायला जागाच नसली पाहिजे. काही मंडळी ट्रॉलीवर कडबा रचून ठेवतात. ओझ्यानं चोर कंटाळतो हे खरं, पण एका ठिणगीत कडबा आणि टायर दोन्ही जातात. मला ती रीत पसंत नाही.

आता ओळखीचं. चासीवर पंचानं आपला नंबर दोन ठिकाणी ठोकून घ्या. एक दिसेल असा, एक आतल्या बाजूला, फक्त आपल्याला माहीत असलेला. फळक्यावर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवा. चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. वर्कशॉपमधून बांधून घेतलेल्या कित्येक ट्रॉल्यांची नोंदणीच झालेली नसते. ट्रॉलीला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, ट्रॅक्टरचाच नंबर मागं रंगवून भागत नाही. विम्याचंही तसंच. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा वेगळा उल्लेख आणि किंमत नसेल, तर कंपनी चोरीचा दावा नाकारू शकते. पॉलिसी आजच काढून वाचा, नाहीतर शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

आणखी एक, जरा नाजूक. भाऊबंद ट्रॉली मागतो, आपण देतो. नाही म्हणता येत नाही. पण गोदाकाठी अवैध वाळू वाहताना ती सापडली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे ती जप्त होऊ शकते, आणि तहसीलच्या फेऱ्या मालकाला माराव्या लागतात. दोन ओळींची चिठ्ठी घ्या : कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत. माणूस रागावेल, पण ट्रॉली आपली राहील. चोरलेली ट्रॉलीसुद्धा कधीकधी याच धंद्यात लागते, म्हणून चोरी झाली की त्याच दिवशी तक्रार द्यायची.

पैठण, गंगापूर तालुक्यांतल्या नाथसागराच्या काठच्या मंडळींसाठी होडीबद्दल थोडं. कोणाची मासेमारीची, कोणाची पाण्यातल्या मोटारीपर्यंत जायची. वल्ही होडीत ठेवून घरी येऊ नका. वल्ही हे होडीचं जू समजा. होडी वर काढली की दगडांवर पालथी घाला. पावसाचं पाणी साचत नाही आणि उचलून न्यायला चार माणसं लागतात. साखळी आतल्या मजबूत आडव्याला लावलेल्या कड्यातून घ्या, काठाच्या पत्र्याला नको. फळ्यांची होडी उन्हात तडकून सांधे उघडतात, तेव्हा सावली आणि अधूनमधून ओलं पोतं.

जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं आणि आपण होडी त्याच्या मागोमाग नेतो. जुलै-ऑगस्टमध्ये वरून पाणी आलं की तीच जागा एका रात्रीत बुडते. तेव्हा पावसाळ्याआधी होडी या रेषेच्या वर आणा, किंवा लांब, ढिला दोर ठेवा. आखूड दोरानं बांधलेली होडी वाढत्या पाण्यात नाक खाली होऊन बुडते. धरणाखालच्या गावांनी २००६ चा ऑगस्ट आठवावा. पैठणात पाणी शिरलं होतं. नदीकाठी लावलेली ट्रॉलीसुद्धा पुरात हलते.

चोरी झालीच, तर चाकांच्या वळांवर पाय देऊ नका, कोणाला देऊ देऊ नका. ११२ वर फोन करा आणि पोलीस पाटलांना उठवा. ट्रॉली रात्री फार वेगानं जात नाही, पहिल्या दोन तासांत रस्त्यावर सापडण्याची आशा असते. शेजारच्या गावांत, पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर, ढाब्यावर लगेच कळवा. तिथले कॅमेरे बघायला सांगा. आपलं ठाणं कोणतं यावरून वाद घालत बसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. पंचानं ठोकलेला आतला नंबर तक्रारीत जरूर लिहवून घ्या, आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवा.