हिमनदीचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनी व मुले यांच्यासमोर केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. तरी आज मी आपण होऊन वेळ मागून घेतली. माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती सर्वांसमक्ष दुरुस्त करावी म्हणून.

गेल्या महिन्यात आपल्या बालवर्गात गोष्ट सांगण्याची पाळी माझी होती. राजाराणीची गोष्ट नेहमीचीच, म्हणून मी हिमालयाची काढली. बोलण्याच्या भरात सांगून गेले, की हवा तापत चालली आहे, हिमालयातला आणि उत्तर ध्रुवावरचा सारा बर्फ वितळणार, समुद्र चढणार आणि आपण सगळे बुडणार! दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई घरी आली. म्हणाली, "वहिनी, काल काय हो सांगितलेत? पोर रात्रभर झोपली नाही. आपण डोंगरावर राहायला जाऊ म्हणून रडत होती."

मला फार वाईट वाटले. मुलांना बागुलबोवा दाखवू नये, हे आपण सगळ्याजणी जाणतो. मी मात्र शास्त्राच्या नावाने बागुलबोवाच दाखवला होता. मग मुलांची पुस्तके काढली, शाळेतल्या बाईंना विचारले आणि जे आधी समजून घ्यायला हवे होते ते नंतर समजून घेतले. तेच आज सांगते.

मुलांनो, हिमालयात उंचावर दरवर्षी बर्फ पडतो. उन्हाळ्यात तो सगळा वितळत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो. असे वर्षानुवर्षे थर चढले, की खालचा भुसभुशीत बर्फ दाबून दगडासारखा घट्ट होतो आणि आपल्याच भाराने उतारावरून अगदी हळूहळू सरकू लागतो. सरकतो म्हणून ती हिमनदी. गंगोत्रीची हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिच्या टोकाला गोमुख म्हणतात. तेथून भागीरथी निघते आणि देवप्रयागला अलकनंदा मिळाल्यावर तिलाच आपण गंगा म्हणतो.

आता आयांना समजेल असे सांगते. हिमनदीचा जमाखर्च आपल्या संसारासारखाच आहे. वर पडणारा बर्फ ही जमा आणि खाली वितळणारा तो खर्च. खर्च वाईट नव्हे. त्याच पाण्यावर उन्हाळ्यात नदी वाहते. पण जमेपेक्षा खर्च वाढला, की साठवलेली पुंजी मोडावी लागते. तसेच चालले आहे. १९३५ पासूनच्या मोजण्या पाहिल्या तर गोमुख दीड किलोमीटरहून अधिक मागे हटले आहे.

खर्च का वाढला? पृथ्वीभोवती हवेची गोधडी आहे. ती उन्हाची ऊब धरून ठेवते. ती मुळीच नसती तर आपण गारठून गेलो असतो. पण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून माणसाने त्या गोधडीत कार्बन डायऑक्साइडची भर घातली. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हा वायू हवेत जेवढा होता, त्याच्या दीडपट आता झाला आहे. गोधडी जाड झाली, म्हणून ऊब कोंडली.

आता माझी चूक. त्या मुलीला घरी बोलावले आणि दोन काचेचे पेले घेतले. एकात पाणी घालून बर्फाचे खडे तरंगत सोडले. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवला आणि त्या डोक्यावर खडे ठेवले. दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या रेषेशी बाहेरून कुंकवाचे बोट लावले. बर्फ वितळल्यावर पहिल्या पेल्यातले पाणी होते तेथेच राहिले, दुसऱ्यातले बोटाच्या वर चढले.

उत्तर ध्रुवाच्या समुद्रावरचा बर्फ पहिल्या पेल्यातला आहे. तो तरंगतोच आहे, त्याच्या वितळण्याने समुद्र फारसा चढत नाही. ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि पर्वतांवरचा बर्फ दुसऱ्या पेल्यातला. शिवाय तापलेले पाणी स्वतःही फुगते. या सगळ्यांनी मिळून १९०० पासून समुद्र सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर चढला आहे. तेव्हा आपण उद्या बुडत नाही. पण वीतभर पाणी थोडे नव्हे. कोकणात खाडीकाठी ज्यांची शेते आहेत, त्यांना विचारा. उधाणाचे खारे पाणी शेतात शिरले की काय होते, ते त्या सांगतील.

आपली गोदावरी, कृष्णा पावसावर वाहतात, मग हिमनदीचे आपल्याला काय, असेही कोणी म्हणेल. पण समुद्र सर्वांचा एकच आहे, आणि गोधडीही एकच.

आइसलंड देशात ओक नावाची हिमनदी होती. ती इतकी पातळ झाली, की तिचे सरकणे थांबले. २०१४ साली तज्ज्ञांनी ती हिमनदी राहिली नाही असे सांगितले आणि २०१९ साली लोकांनी तेथे चढून जाऊन स्मृतिफलक बसवला. हे मी त्या मुलीला सांगितले. ती रडली नाही. थोडा वेळ पेल्याकडे पाहून म्हणाली, "काकू, मग खर्च कमी कोणी करायचा?"

मी म्हटले, "मोठ्यांनी." दुसरे उत्तर मला खरे वाटले नाही.

काही मोठ्यांनी केलेही आहे. लडाखचे निवृत्त अभियंते चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यात वाया जाणारे पाणी सावलीत दगडी बांध घालून अडवले, गोठवले आणि पेरणीच्या वेळी गावांना मिळवून दिले. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. ती खरी हिमनदी नव्हे, पण शेताला वेळेवर पाणी मिळाले. मूळ उपाय मात्र जाळणे कमी करण्याचाच आहे. काठमांडूच्या पर्वतीय संस्थेने २०२३ च्या अहवालात म्हटले आहे, की पृथ्वीची तापमानवाढ दोन अंशांपर्यंत थांबली तर या शतकाअखेर हिमालयाच्या रांगांतला ३० ते ५० टक्के बर्फ जाईल. चार अंशांपर्यंत गेली तर ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे निम्मी पुंजी अजून वाचण्यासारखी आहे. घरात वीज आणि इंधन जपून वापरणे आपल्या हातचे आहे. कोळशाऐवजी ऊन-वाऱ्यापासून वीज करणे सरकारच्या आणि कारखानदारांच्या हातचे. पण मत मागायला येणाऱ्याला त्याबद्दल विचारणे पुन्हा आपल्याच हातचे.

भगिनींनो, मुलांना घाबरवू नका आणि काही झालेच नाही असेही सांगू नका. या रविवारी दोन पेले आणि थोडा बर्फ घेऊन त्यांच्याजवळ बसा.