बोट उचलण्याची वेळ



बक्षीस मिळवलेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. नाटकातली मंडळी रंगून विंगेत उभी आहेत, म्हणून एकाच विषयावर बोलते.

मी पियानो वाजवते आणि शिकवते. पियानोवर हात चांगला बसल्यानंतर, चाळिशी उलटल्यावर, मी पाइप ऑर्गन शिकायला घेतला. ऑर्गन म्हटलं की तुमच्या आजी-आजोबांना संगीत नाटकाच्या साथीचा, पायांनी भाता मारायचा ऑर्गन आठवेल. मी म्हणते तो चर्चमधला, भिंतभर नळ्या असलेला.

दिसायला पट्ट्या त्याच. पांढरी एक तिथेच, काळी चार तिथेच. पण पियानोवर पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. जोरात दाबा, सूर मोठा. हलकेच दाबा, सूर नाजूक. आणि उमटल्या क्षणापासून तो विरू लागतो. पियानो शिकणाऱ्याची उमेदीची वर्षं हा दाब कमावण्यात जातात. ऑर्गनची पट्टी मात्र हवेची झडप उघडते. कशीही दाबा, आवाज तेवढाच, आणि बोट उचलेपर्यंत तो तसूभरही कमी होत नाही. आवाज वाढवायचा तर स्टॉप ओढून आणखी नळ्या जोडता येतात.

मग समेवर जोर द्यायचा कसा? समेच्या आधीचा सूर किंचित लवकर सोडायचा. मधे पुसटशी फट पडते आणि पुढचा सूर उठून येतो. म्हणजे बोट कधी ठेवलं याइतकंच ते कधी उचललं याला महत्त्व. पियानोवर उजव्या पायाखालचं पेडल ही जबाबदारी बरीचशी उचलतं. ते दाबून धरलं की बोट सुटलं तरी सूर रेंगाळतो. ऑर्गनवर ती सोय नाही. दोन सूर जोडून हवे असतील तर तिसऱ्या बोटानं धरलेल्या पट्टीवर, ती न सोडता, चौथं बोट आणायचं, मग तिसरं अलगद काढून पुढच्या सुराकडे न्यायचं. ऐकणाऱ्याला यातलं काहीही कळता कामा नये. एवढी एक ओळ नीट यावी म्हणून मी संध्याकाळच्या संध्याकाळ बसलेली आहे, आणि त्या संध्याकाळी मला अजूनही प्रिय आहेत.

शिवाय पाय. खाली लाकडी पट्ट्यांची एक रांग असते, साधारण तीस-बत्तीस, आणि टाच व चवडा वापरून तिच्यावर खर्ज वाजवायचा असतो. पियानोवादकाचा डावा हात वर्षानुवर्षं खर्ज सांभाळत आलेला. पाय खर्ज वाजवू लागले की तो आपणहून त्यांच्या मागे धावतो. त्याला थोपवायला फक्त डावा हात आणि पाय एवढंच, अगदी संथ लयीत, पुन्हा पुन्हा वाजवावं लागतं. संगीतकार बाखच्या सहा त्रिस्वरी सोनाटा आहेत. उजवा हात, डावा हात, पाय, तिघांच्या तीन स्वतंत्र चाली. बाखचा पहिला चरित्रकार फोर्केल सांगतो की त्या बाखनं थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी रचल्या. बापानं मुलासाठी घडवलेला असा सुंदर रियाज मला दुसरा माहीत नाही.

त्या काळी सराव करणंही सोपं नव्हतं. भाता मारायला वेगळा माणूस लागायचा, म्हणून ऑर्गनवादक घरी पायपट्ट्या लावलेल्या क्लाविकॉर्डवर हात-पाय घोटायचे. पुढे 1845 साली, ड्रेस्डेनमध्ये, पियानोसाठी इतकं लिहून झालेल्या संगीतकार शुमाननं चौतिशीत पियानोला जोडायच्या पायपट्ट्या भाड्यानं आणल्या आणि सराव सुरू केला. त्यातून पेडल-पियानोसाठी सहा अभ्यास आणि बाखच्या नावावर बेतलेल्या सहा फ्यूग जन्माला आल्या.

आणि फ्रान्सचा संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ. उत्तम पियानो वाजवणारा हा मुलगा 1927 मध्ये मार्सेल द्युप्रेकडे ऑर्गन शिकायला गेला. द्युप्रेनं पुढे आठवण सांगितली की या मुलानं तोवर ऑर्गन जवळून पाहिलाही नव्हता. गुरू वाजवून समजावत होते तो तासभर तो गप्प बसून राहिला, आणि आठवड्यानं आला तो बाखची सी मायनर फँटसिया वाजवतच. 1931 पासून 1992 मध्ये जाईपर्यंत तो पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा ऑर्गनवादक होता. ही गोष्ट ऐकून लोक त्या आठवड्याचं कौतुक करतात. मला कौतुक त्या तासाचं वाटतं. ज्याची बोटं तयार आहेत अशा एकोणिसाव्या वर्षीच्या मुलानं समोर पट्ट्या दिसत असताना हात मांडीवर ठेवून ऐकत राहणं फार अवघड असतं. तुमच्यापैकी जे तबला, पेटी, कीबोर्ड वाजवतात त्यांना हे लगेच पटेल.

मुख्याध्यापिका बाई, आज सकाळी तुमच्या शाळेतल्या संगीताच्या वर्गात चादरीखाली झाकलेला जुना पायभात्याचा ऑर्गन पाहिला. भाता फाटलाय, काही रीड मुक्या आहेत, पण लाकूड ठणठणीत आहे. त्यातही पट्टी झडपच उघडते, त्यामुळे बोट उचलण्याचा धडा त्याच्यावर उत्तम गिरवता येईल. पेटी दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणकार कारागिराला तो दाखवा, खर्चातला माझा वाटा मी देईन. तो वाजता झाला की कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांना घेऊन मी एक पूर्ण दिवस त्याच्यापाशी बसायला येते. तारीख तुम्ही कळवा.