तुंगारेश्वरच्या पायथ्याशी मुक्काम

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसई फाट्याच्या पूर्वेला दिसतो तो तुंगारेश्वरचा डोंगर. सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथे बिबटे आहेत, त्यामुळे वन विभागाच्या परवानगीशिवाय आत तंबू ठोकायचा नाही.

पायथ्याशी, रीतसर जागी उतरलात तरी रात्री ट्रकचा आवाज दिवसापेक्षा जवळ वाटेल. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री जमीन लवकर गार होते. खाली थंड हवा, वर उबदार. मग वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पोचतो. विरळ झाडीने तो फारसा अडत नाही. रस्ता आणि तंबू यांच्यामध्ये डोंगराची सोंड येईल अशी जागा निवडा, फरक लगेच जाणवेल. ओढ्याच्या पात्रात मात्र मुळीच नको. पावसाळ्यात इथलं पाणी बघता बघता चढतं.

आणि उरलंसुरलं अन्न बाहेर टाकू नका. त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. शेजारीच हा महामार्ग आहे; वाहनाखाली जाणारं जनावर आपल्या उष्ट्यामुळे तिथवर आलेलं नसावं, एवढं तरी आपण नक्की पाहू शकतो.