जपानच्या हिमप्रदेशातील स्कीयात्रा आणि तिची आखणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी मला आज एका प्रवासाविषयी बोलावयास सांगितले आहे. हा प्रवास तीर्थयात्रेचा नव्हे आणि व्यापाराचाही नव्हे. पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा हा खेळ आहे, आणि त्यासाठी समुद्रापलीकडे जावयाचे आहे. विषय चैनीचा आहे हे मी प्रथमच कबूल करतो. परंतु चैनीचा झाला तरी एका कुटुंबाची दोन-तीन वर्षांची शिल्लक त्यात खर्ची पडते. आणि बेत नीट आखला नाही तर ती शिल्लक बसगाड्यांच्या थांब्यांवर सामान राखीत बसण्यात संपते. यास्तव खेळाच्या वर्णनापेक्षा त्याच्या आखणीविषयीच बोलावे असे मी ठरविले आहे.

आपल्या मंडळींची आखणी बहुधा एकाच पद्धतीने होते. दहा दिवसांची रजा मिळाली की नकाशा उघडावयाचा, प्रसिद्ध अशी पाच स्थाने निवडावयाची, आणि प्रत्येकास दोन दिवस वाटून द्यावयाचे. 'एवढे दूर जावयाचे, मग सगळेच पाहून येऊ,' हा विचार स्वाभाविक आहे. काशीस गेलेला मनुष्य प्रयाग आणि गया करूनच परततो. पण स्कीइंगमध्ये हा हिशेब चालत नाही. येथे स्थान पाहावयाचे नसून त्यावर शरीराने श्रम करावयाचे असतात. म्हणून माझे सांगणे इतकेच की, किती स्थाने केली ते मोजू नका, बिछाना किती वेळा बदलावा लागतो ते मोजा. बाकीचे सारे भाषण म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

उदाहरणासाठी मी जपानचा नागानो प्रांत घेतो. युरोपातील आल्प्स पर्वताची कीर्ती मोठी. तथापि कुटुंबासह जाणाऱ्यास नागानो अधिक सोयीचा, असे माझे मत आहे. टोकियोहून शिंकान्सेन ही वेगवान आगगाडी दीड तासाच्या आसपास नागानो शहरात पोहोचविते, आणि तेथून तास-सव्वा तासाच्या वर्तुळात जपानातील उत्तमोत्तम हिमस्थाने आहेत. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे कोरडे थंड वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प पितात आणि पर्वतास अडून ते हिमरूपाने टाकून देतात. आपल्या सह्याद्रीवर पावसाळी वाऱ्यांचे जे होते तेच तेथे हिवाळ्यात घडते, असे म्हटले म्हणजे घाटमाथ्याचा पाऊस पाहिलेल्या श्रोत्यांस अधिक सांगावयास नको.

हा खेळ जपानी लोकांचा परंपरागत नव्हे. 1911 सालच्या जानेवारीत ऑस्ट्रिया-हंगेरीचे एक लष्करी अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख यांनी नागानोच्या उत्तरेस असलेल्या ताकादा येथे जपानी सैनिकांस एकाच काठीच्या आधाराने स्की चालविण्यास शिकविले, तेथून त्याचा प्रसार झाला. पुढे 1998 च्या फेब्रुवारीत हिवाळी ऑलिंपिक सामने नागानोस भरले, आणि त्यांच्या निमित्ताने 1997 साली शिंकान्सेन त्या शहरापर्यंत आली. आज आपणांस जी सुलभता लाभते तिचे मूळ बरेचसे त्या सामन्यांत आहे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. मध्यभागी नागानो शहर. त्याच्या पश्चिमेस हाकुबा नावाचे खोरे. ईशान्येस शिगा कोगेन हे उंच पठार. त्याच्याही उत्तरेस नोझावा ओन्सेन हे उष्ण झऱ्यांचे जुने गाव. आणि सरहद्दीपलीकडे निगाता प्रांतात म्योको. नकाशावर हाकुबा आणि नोझावा यांत वीतभरही अंतर दिसत नाही. पण मध्ये डोंगर आहेत, आणि हाकुबाहून नोझावास जाणारा मनुष्य सामान्यतः नागानोस परत येऊनच पुढे जातो. हंगामात काही थेट बसगाड्याही असतात. परंतु त्यांच्या वेळा आपल्या सोयीच्या असतीलच असे नाही.

स्थलांतराच्या एका दिवसाचा हिशेब सविस्तर देतो, कारण सारी गोम येथेच आहे. सकाळी भाड्याच्या स्की, बूट आणि शिरस्त्राणे ज्या दुकानातून घेतली तेथे परत करावी लागतात. दहाच्या सुमारास खोली सोडावी लागते. नऊ माणसांचे सामान बसथांब्यावर पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. सव्वा तासाने नागानो. तेथे थोडे खाणे, मुलांचे प्रातर्विधी, तिकिटे. मग शिंकान्सेनने ईयामा हे पुढचेच स्टेशन. प्रवास दहा-बारा मिनिटांचा, पण सर्वांत जलद गाड्या तेथे थांबत नाहीत, म्हणून वाट पाहावयाची. ईयामाहून नोझावास बसने पंचवीस मिनिटे. चाकांवर घालविलेला वेळ दोन तासही नाही, तरी गावात पाऊल पडते तेव्हा तीन वाजलेले असतात. त्यानंतर नव्या दुकानात नवे बूट मापावयाचे. स्कीचा बूट हा चपलेसारखा पायात सरकविण्याचा प्रकार नव्हे. तो घट्ट बसला नाही तर पट्टी वळत नाही आणि फार घट्ट बसला तर तासाभरात पाय बधिर होतो. नऊ माणसांचे बूट जमविण्यास दीड तास सहज लागतो. हिवाळ्यात तेथे पाचच्या सुमारास अंधारते. दिवस संपला! पाच स्थानांच्या बेतात असे चार दिवस जातात. दहापैकी चार.

यावर कोणी विचारील की, मग वेगवेगळ्या डोंगरांवर खेळण्याचा आनंद घ्यावयाचाच नाही काय? अवश्य घ्यावयाचा, पण मुक्काम न हलविता. हाकुबाच्या एकाच खोऱ्यात दहाच्या आसपास स्कीस्थाने ओळीने वसली आहेत. त्यांच्यासाठी एक सामाईक पास मिळतो आणि त्यांच्यामध्ये बसगाड्या धावतात. हाप्पो-ओने येथे 1998 च्या ऑलिंपिकची उताराची शर्यत झाली. तेथील चढाव अनुभवी माणसाचेही गुडघे तपासतो. त्याच खोऱ्यातील त्सुगाइके येथे मात्र पायथ्याचा उतार इतका रुंद आणि सौम्य आहे की, प्रथमच बर्फावर उभे राहणाऱ्या काकूंनी तेथूनच आरंभ करावा. गोर्यू आणि हाकुबा-47 ही दोन स्थाने तर माथ्यावर एकमेकांस जोडलेली आहेत. शिगा कोगेनचेही तसेच. दीड डझनाच्या आसपास स्कीमैदाने एका पासावर येतात. म्हणजे एका बिछान्यावर झोपून पाच निरनिराळे डोंगर होतात. 'पुष्कळ स्थानांची यात्रा' ती हीच.

नऊ माणसांच्या, आठ वर्षांच्या नातीपासून अडुसष्ट वर्षांच्या आजोबांपर्यंतच्या कुटुंबासाठी दहा रात्रींचा बेत मी असा सुचवीन. पहिली रात्र नागानो शहरात. विमानातून उतरलेल्या शरीरास त्याच दिवशी डोंगरात नेऊ नये. पुढील पाच रात्री हाकुबास. त्यांतील पहिले तीन दिवस सकाळी शिक्षकाकडे रीतसर शिकणे. इंग्रजीतून शिकविणारे शिक्षक तेथे मिळतात. भावाने भावास किंवा पतीने पत्नीस शिकविण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात विद्या येत नाही आणि संध्याकाळी जेवणही गोड लागत नाही. चौथा दिवस बेतात मोकळाच ठेवावा. तोवर मांड्या भरून आलेल्या असतात, आणि एखादे दिवशी वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट बंद राहतात. राखून ठेवलेला दिवस दोहोंपैकी कशास तरी उपयोगी पडतोच. त्यानंतर एकच स्थलांतर, नोझावास. तेथे तीन रात्री. शेवटची रात्र टोकियोत, विमान चुकू नये म्हणून. ज्यांना बिलकूल स्की करावयाची नाही त्यांचाही विचार या बेतात आहे. एखाद्या दिवशी त्यांनी नागानोमार्गे युदानाकाजवळ जिगोकुदानी येथे जाऊन उष्ण पाण्यात बसलेली माकडे पाहावी.

स्थलांतराच्या दिवसाचा त्रास हलका करण्याची एक सोय जपानात आहे, तिचा मात्र पुरेपूर फायदा घ्यावा. 'ताक्युबिन' म्हणून सामान घरपोच पोहोचविण्याची व्यवस्था सर्वत्र आहे. आदल्या दिवशी सकाळी मोठ्या पेट्या खानावळीच्या मालकाच्या हवाली कराव्या, बहुधा दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या मुक्कामी पोहोचतात. विमानतळावरूनही हे करता येते. मात्र एका रात्रीचे कपडे आणि औषधे हातपिशवीत ठेवावी, कारण जोराच्या हिमवृष्टीत पेटीस उशीर होऊ शकतो.

नोझावाविषयी थोडे अधिक बोलण्याचा मोह मला आवरत नाही. त्या गावात तेरा सार्वजनिक स्नानगृहे आहेत. त्यांची झाडलोट आणि देखभाल कोणी सरकारी खाते करीत नाही. आळीआळीतील रहिवाशांचे संघ ते काम वाटून घेतात, आणि परक्या पाहुण्यासही तेथे स्नान करू देतात. दारातील पेटीत यथाशक्ति नाणे टाकावयाचे एवढेच. आपल्या मंडळाच्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी हे एकदा पाहून यावे! स्त्रिया आणि पुरुष यांची स्नानगृहे वेगळी असतात; परंतु आत सर्वांनी विवस्त्र स्नान करावयाचे, अंगावर पंचाही ठेवावयाचा नाही, ही तेथील रीत आहे. घरातील वडीलधाऱ्यांस ही गोष्ट मुंबईसच सांगून ठेवावी, दारात सांगू नये. ज्यांना संकोच वाटेल त्यांच्यासाठी खाजगी स्नानाची खोली असलेले निवासस्थान निवडावे. 15 जानेवारीस तेथे दोसोजिन देवतेचा अग्न्युत्सव होतो. गावकरी लाकडाचे उंच मंदिर उभारतात, बेचाळीस वर्षांचे पुरुष त्याच्या माथ्यावर बसतात, पंचविशीचे तरुण खाली उभे राहून राखण करतात, आणि बाकीचा गाव पेटत्या चुडी घेऊन त्यावर चालून जातो. त्या सुमारास खोल्या फार अगोदर भरतात. उत्सव पाहावयाचा असेल तर आधी खोली आणि मग विमान, हा क्रम धरावा.

काळाविषयी एक अडचण आपल्याकडील पालकांची खास आहे. उत्तम बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हा आपल्या मुलांच्या परीक्षा डोक्यावर. नाताळची सुट्टी पकडावी तर नववर्षाच्या दिवसांत जपानी लोकही डोंगरांकडे लोटतात आणि भाडी चढतात. दहावी-बारावीची मुले असलेल्या घरांनी मार्चअखेरीचा विचार करावा. तेव्हा बेतातून हाकुबाचा मुक्काम काढून तेथे शिगा कोगेन घालावे. योकोतेयामा शिखर 2,307 मीटर उंच आहे, त्यामुळे बर्फ तेथे उशिरापर्यंत टिकते. दुपारी ते मऊ पडते हे खरे, पण नवशिक्यास मऊ बर्फावर पडणे बरे.

अन्नाचा प्रश्न. जपानी सार, नूडल, उकडलेली भाजी यांत 'दाशी' नावाचा माशाचा काढा बहुधा असतोच. तो डोळ्यांस दिसत नाही. म्हणून 'मांस नको' एवढे सांगून शाकाहारी माणसाचा निर्वाह होत नाही, दाशीचे नाव घेऊन नकार द्यावा लागतो. नागानोतील झेन्कोजी या सातव्या शतकातील बौद्ध मंदिराभोवती यात्रेकरूंची निवासस्थाने आहेत. तेथे 'शोजिन र्योरी' हे मठातील शाकान्न मिळते. पहिली रात्र तेथेच काढावी, हे त्या बेताचे दुसरे कारण. हाकुबास स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. पण येथून डाळ-तांदूळ बांधून नेण्याची आपली सवय तेथे उपयोगी नाही. धान्य, कडधान्य, ताजी फळे, कढीलिंबाची पानेसुद्धा वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्रावाचून नेता येत नाहीत. हे जिन्नस टोकियोतच विकत घ्यावे. तेथील निशि-कासाइ भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक 2019 साली ज्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, त्यातलाच हा भाग.

पैशाविषयी दोनच गोष्टी. सर्व जपानभर चालणारा सात दिवसांचा रेल्वे पास 2023 च्या ऑक्टोबरात 29,650 येनांवरून 50,000 येनांवर गेला. टोकियो ते नागानो एकेरी भाडे आठ-नऊ हजार येन पडते. तेव्हा आपल्या बेतास तो पास घेणे म्हणजे नुकसान. साधी तिकिटे घ्यावी. दुसरी गोष्ट, स्की आणि बूट येथून विकत घेऊन जाऊ नयेत; भाड्याने चांगले मिळतात. हातमोजे, चष्मा आणि लोकरी मोजे मात्र स्वतःचे असावे.

आता जे सांगतो ते ऐकताना तरुण मंडळींनी आपसांत बोलणे थांबवावे अशी विनंती आहे. उताराच्या कडेस दोरी बांधलेली असते. तिच्यापलीकडचे अस्पर्श बर्फ मोठे मोहक दिसते, आणि परदेशी खेळाडू तेथे उतरताना दिसतातही. तेथे हिमलोट कोसळतात. झाडांच्या बुंध्यांभोवती भुसभुशीत बर्फाचे खड्डे असतात आणि त्यांत डोके खाली जाऊन पडलेला मनुष्य काही मिनिटांत गुदमरतो. शोधपथक पाठवावे लागले तर त्याचा खर्च पर्यटकाकडून वसूल होऊ शकतो. आपण येथून उतरवितो त्या पुष्कळशा साध्या प्रवासविम्यांत हिवाळी खेळ वगळलेले असतात. ज्यांत धरलेले असतात त्यांतही दोरीपलीकडचा अपघात बहुधा धरलेला नसतो. विम्याचा कागद घरातील कर्त्या माणसाने एकट्याने न वाचता, जाणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसास वाचावयास द्यावा. दोरी ओलांडणार नाही असे ज्याच्याकडून वचन मिळत नाही, त्याचे तिकीट काढू नये. हे कठोर वाटेल. परंतु नऊ माणसे घेऊन निघालेल्यास नऊ माणसे घेऊनच परत यावयाचे असते.

व्हिसा, कपडे आणि औषधे यांची यादी मी चिटणिसांकडे देऊन ठेवली आहे, तीत आज वेळ घालवीत नाही. येत्या हिवाळ्यासाठी ज्यांचा विचार असेल त्यांनी गणपती उठल्यावर लगेच खोल्यांची चौकशी सुरू करावी. दिवाळीनंतर हाकुबास नऊ माणसांचे घर एकत्र मिळणे कठीण जाते.