पहिला पाऊस आणि मातीचा जमाखर्च

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा संक्षेप)



ज्या शाळेने अक्षरओळख करून दिली, तिच्या हीरक महोत्सवात बोलण्याचा मान मिळाला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पुढे माझे वास्तव्य लखनौत झाले आणि माती हा अभ्यासाचा विषय ठरला. म्हणून अतिवृष्टी, अवर्षण आणि उष्णतेची लाट यांमुळे मातीतील कर्ब आणि नत्र यांचे काय होते, याविषयी आज चार शब्द बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून शेती आहे. ज्यांच्या घरी नाही, त्यांच्याही ताटात ती रोज येतेच.

वातावरणात आणि साऱ्या वनस्पतींत मिळून जितका कर्ब आहे, त्याहून अधिक जगाच्या मातीत आहे. हवेत 78 टक्के नत्र असूनही वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. सूक्ष्मजीवांनी रूप पालटून दिल्यावरच तो मुळांना मिळतो. मातीत ही दोन द्रव्ये जोडीने नांदतात. मुरलेल्या सेंद्रिय द्रव्यात साधारणपणे दहा ते बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतो. त्यामुळे एकाचा तोल गेला, की दुसऱ्याचाही जातो.

लखनौहून आग्र्याकडे जाताना कनौजची वाट लागते. तेथे मातीचे अत्तर तयार होते. पहिल्या सरीनंतरचा जो मृद्गंध त्या कुपीत साठवतात, तो बव्हंशी मातीतील सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेला असतो. कोरड्या मातीवर पाणी पडताच हे जीव झपाट्याने कामाला लागतात. कोरडी माती भिजली की तिच्यातून कर्बवायू एकदम बाहेर पडतो आणि नत्रही मोकळा होतो, हे एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने 1958 मध्ये पूर्व आफ्रिकेतील मातीवरून दाखवून दिले. आज ही घटना त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आपल्या देशातील याविषयीचे महत्त्वाचे काम बनारस हिंदू विश्वविद्यालयात झाले. प्रा. जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्याच्या कोरड्या जंगलांतील व गवताळ माळांवरील माती वर्षभर तपासली. कडक उन्हाळ्यात सूक्ष्मजीवांच्या देहांत कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचा साठा सर्वाधिक असतो आणि पावसाळ्यात, म्हणजे झाडांची वाढ जोमात असताना, तो कमी होतो, असे त्यांना आढळले. 1989 मध्ये हा निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सूक्ष्मजीव उन्हाळ्यात ठेव ठेवतात आणि मुळांना गरज पडते तेव्हा ती परत करतात, असा त्याचा अर्थ. मृगाच्या पेरणीवर विसंबणारा आपला शेतकरी आणि आर्द्रेत धान लावणारा अवधचा शेतकरी, दोघेही याच वेळापत्रकावर जगत आले आहेत.

हवामानाचा अतिरेक हे वेळापत्रकच मोडतो. पाऊस एक दिवस पडून पुढे तीन आठवडे दडी मारतो, तेव्हा नत्र मोकळा होतो, पण तो घ्यायला मुळेच नसतात. पुढच्या धो धो सरीत तो नायट्रेटच्या रूपाने खोल झिरपतो किंवा ओढ्याला मिळतो.

अतिवृष्टीची तऱ्हा वेगळी. गोमती हिमनद्यांतून निघत नाही. पिलीभीत जिल्ह्यातील तलावातून उगम पावणारी ही नदी पावसावर आणि भूजलावर वाहते. 1960 मध्ये तिच्या महापुराने लखनौ शहर वेढले होते. असे पाणी शेतात साचले, की आपण ज्याला वाफसा म्हणतो तो नाहीसा होतो आणि मातीतील प्राणवायू संपतो. मग काही जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि नत्र हवेत निघून जातो. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो आणि तो उष्णता धरून ठेवण्यात कर्बवायूच्या सुमारे 270 पट प्रबळ आहे. शेताचे नुकसान झाले, वर हवामानाचेही.

उष्णतेची लाट तिसरा घाव घालते. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तर प्रदेश हे गव्हाचे आघाडीचे राज्य. नेमका दाणा भरण्याच्या दिवसांत उन्हाने गहू लवकर पिकवला आणि दाणे बारीक राहिले. पिकाने हवेतून घ्यायचा कर्ब घेतला नाही, आणि 13 मे रोजी सरकारला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. मातीचा तोल आणि बाजारातील भाव यांत इतके थोडे अंतर आहे.

यावर उपाय काय? पाऊस आपल्या हाती नाही. माती बऱ्याच अंशी आहे. सेंद्रिय कर्ब भरपूर असलेली माती पाणी धरते, निचराही करते आणि सूक्ष्मजीवांची ठेव सांभाळते. म्हणून काड आणि पालापाचोळा जाळू नये. मात्र ताजे काड पेरणीच्या तोंडावर गाडले, तर ते कुजवताना सूक्ष्मजीवच नत्र अडवून ठेवतात व पीक पिवळे पडते. ते आधी कुजवावे. युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्यावा आणि मोठ्या पावसाचा अंदाज असताना देऊच नये. तूर, हरभरा, मूग यांना फेरपालटात जागा द्यावी. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नत्र बांधतात.

शेवटी शाळेला एक विनंती. या वर्षी आवारात एक पर्जन्यमापक बसवावा, पालापाचोळ्यासाठी एक खड्डा खणावा आणि मुलांनी रोजचा पाऊस व दरवर्षीच्या मातीतील सेंद्रिय कर्बाची नोंद एका वहीत ठेवावी. आपण माजी विद्यार्थ्यांनी त्याचा खर्च उचलावा; तो फार नाही. शाळेच्या अमृतमहोत्सवापर्यंत पंधरा वर्षांची सलग नोंद हाती येईल. या गावच्या मातीविषयी तेवढी माहिती आज कोणाजवळही नसेल, आणि पुढे शेती करणाऱ्यांना तिचाच आधार लागेल.