कायदा आणि समाजमन
(रत्नागिरी येथील भाषण)



विधवाविवाहाला १८५६ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. तरीही १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी असा विवाह केला, तेव्हा याच जिल्ह्यातील, दापोलीजवळच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा झाला, समाजमन ३७ वर्षांनंतरही बदलले नव्हते.

समलिंगी विवाहाला मान्यता देणे हा संसदेचा विषय आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. विवाहसंस्था हा कुटुंबाचा पाया. तिच्या स्वरूपाचा निर्णय लोकप्रतिनिधींनी, समाजाच्या विचारमंथनातून घ्यावा, हेच उचित. परंतु समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा राहिलेले नाहीत. अशी मुले आपल्याच घरांत जन्मतात. विवाहाविषयी मतभेद जरूर असावेत. पोटच्या मुलावर बहिष्कार मात्र नको. मुरूडचा तो धडा रत्नागिरीने तरी विसरू नये.