पहिली खेळी आणि शेवटची वेचणी



अकोल्याच्या अथर्व तायडेने २०१७-१८ च्या मोसमात कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात ३२० धावा काढल्या. अशी खेळी पाहिली की आपण त्या मुलाचे सारे भविष्य लगेच मांडून मोकळे होतो. पुढे दोनदा तो शून्यावर परतला की तेच तोंड म्हणते, 'संपला!' माझे भांडण आहे ते या घाईशी.

वासिम जाफर पाहा. १९९६-९७ साली, आपल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात, मुंबईकडून त्याने नाबाद ३१४ धावा केल्या. २००० साली तो कसोटी संघात आला आणि दोन सामन्यांनंतर वगळला गेला. पहिले कसोटी शतक लागले २००६ साली, तेही आपल्या नागपुरात. पुढे विदर्भाकडून खेळताना, वयाची चाळीस वर्षे पूर्ण झाल्यावर, त्याने २०१८-१९ च्या रणजी मोसमात १,०३७ धावा जमवल्या. आणि २०२० साली रणजीत बारा हजार धावा करणारा तो पहिला फलंदाज ठरला. अमरावतीच्या जितेश शर्मालाही भारताची टोपी मिळाली ती २०२३ साली, तिशीच्या उंबरठ्यावर.

पहिली खेळी गुण दाखवते. बारा हजारांत मात्र सारी अपयशेही पचलेली असतात. आपण कपाशीच्या मुलखातली माणसे. सीतादहीच्या दिवशी फुटलेली बोंडे पाहून आपण हरखतो, पण वर्षाचा हिशेब शेवटच्या वेचणीनंतरच करतो. शेताला देतो तेवढा धीर आपल्या पोरांनाही द्या, एवढेच मागणे.